नक्षीदार मुठीची व्हायकिंग धाटणीची सुरी : पहिल्यांदा घडवणाऱ्यांसाठी

व्हायकिंग सुरी म्हणून आज जे काही विकले जाते, त्यात पिळलेल्या लोखंडाची मूठ, वीतभराहून लांब पाते आणि त्या पात्यावर कोरलेली रूनलिपी (उत्तर युरोपातली जुनी अक्षरे) एवढा ऐवज हमखास असतो. उत्खननांत सापडणाऱ्या सुऱ्या बहुधा याहून पुष्कळ साध्या असतात. आठव्या शतकाच्या अखेरीपासून अकराव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्कँडिनेव्हियात (आजच्या नॉर्वे, स्वीडन व डेन्मार्कच्या प्रदेशात) आणि व्हायकिंगांच्या, म्हणजे तिथल्या दर्यावर्दी लोकांच्या, वस्तीच्या यॉर्क, डब्लिन यांसारख्या नगरांत सुरी हे स्त्री-पुरुष दोघांच्याही रोजच्या वापरातले हत्यार होते. तिचे पाते साधारण ७ ते १२ सेंटिमीटर लांब आणि जेमतेम बोटभर रुंद असे, मूठ लाकडाची, हाडाची किंवा शिंगाची असे, आणि दोहोंच्या मध्ये बोटे अडवणारी आडवी पट्टी नसे. पात्याच्या मागचा निमुळता भाग मुठीच्या आत बसवलेला असे. या लेखात त्या भागाला शेपटी म्हटले आहे.

अशी सुरी कोणा एका व्यक्तीसाठी घडवायची असेल, तर आपले कष्ट कुठे खर्च करायचे हे आधी ठरवून टाकावे. माझे मत असे आहे की पाते शक्य तितके साधे ठेवावे आणि वेळ, कल्पकता व कौशल्य हे सारे मुठीवर लावावे. पाते चिवट असले आणि धार टिकवून धरत असले की त्याचे काम झाले. सुरी अमुक एका माणसाची होते ती मुठीमुळे, आणि मुठीवरची नक्षीसुद्धा त्या माणसाच्या पकडीला विचारूनच कोरावी लागते. त्यामुळे कामाची सुरुवात भट्टीपासून न करता कागद आणि मोजपट्टीपासून करावी.

मोजमाप आणि आराखडा

ज्याच्यासाठी सुरी घडवायची त्याच्या तळहाताची रुंदी चारही बोटांच्या मुळांशी मोजावी आणि तीत दीड ते दोन सेंटिमीटर मिळवून मुठीची लांबी धरावी. बहुतेक हातांसाठी ती १० ते ११.५ सेंटिमीटर भरते. मुठीचा छेद अंडाकृती असावा. उंची सुमारे ३ सेंटिमीटर आणि जाडी २ ते २.३ सेंटिमीटर ही सुरुवातीची मापे म्हणून ठीक आहेत. पूर्ण गोल मूठ हातात फिरते आणि धार कोणत्या बाजूला आहे हे न पाहता कळत नाही, म्हणून अंडाकृतीचा निमुळता भाग धारेकडे ठेवावा. आकड्यांवर फार विसंबू नये. मऊ लाकडाच्या तुकड्याची कच्ची मूठ अर्ध्या तासात तासून होते. ती त्या व्यक्तीच्या हाती देऊन काही वेळ काठी सोलण्याचा अभिनय करायला सांगावा, आणि हात कुठे घट्ट दाबला जातो ते पेन्सिलीने खूण करून घ्यावे. नक्षी कुठे कोरायची आणि कुठे मुळीच कोरायची नाही, याचा नकाशा इथेच तयार होतो.

त्यानंतर पूर्ण आकाराचा आराखडा काढावा. पात्याची पाठ सरळ किंवा टोकाकडे किंचित उतरणारी ठेवावी. पाठीला मध्येच कोन देऊन टोकाकडे झपकन उतरवलेला ‘सॅक्स’चा आकार फार लोकप्रिय असला, तरी तो मुख्यतः अँग्लो-सॅक्सन इंग्लंडचा आहे. लंडनजवळ टेम्स नदीत १८५७ साली सापडलेला आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेला ‘बेग्नॉथचा सॅक्स’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना होय. तो आकार आवडत असेल तर जरूर घ्यावा, पण मग मुठीवर नॉर्वेच्या लाकूडकामातली नक्षी चढवताना आपण दोन परंपरा एकत्र आणतो आहोत याची जाण ठेवावी आणि ते सुरी घेणाऱ्यालाही सांगावे.

पाते

पात्याच्या बाबतीत तीन वाटा आहेत. पट्टी तापवून ऐरणीवर घडवता येते, पट्टी कापून व कानसून पात्याचा आकार काढता येतो, किंवा तयार पाते विकत घेऊन फक्त मूठ घडवता येते. पहिल्या सुरीसाठी तिसरी वाट धरण्यात कमीपणा काहीच नाही. स्वीडनमधल्या मोरा गावी बनणारी कार्बन पोलादाची पाती आकाराने जुन्या सुऱ्यांच्या बरीच जवळ जातात, आणि पाते हातात तयार असले म्हणजे सारे लक्ष कोरीवकामाकडे देता येते.

पाते स्वतःच करायचे असेल तर पोलाद ओळखीचे घ्यावे. भंगारातल्या स्प्रिंगा आणि जुन्या कानशी मोहात पाडतात, परंतु त्यांतले घटक ठाऊक नसल्यामुळे त्यांना पाणी देताना, म्हणजे तापवून कठीण करताना, सगळा अंदाजपंचे कारभार होतो. ‘१०८४’ या क्रमांकाचे, सुमारे ०.८४ टक्के कार्बन असलेले साधे पोलाद नवशिक्याला सांभाळून घेते. त्याची ३ ते ४ मिलिमीटर जाडीची पट्टी पुरे. व्हायकिंग काळातले लोहार मऊ लोखंडाच्या पाठीला पोलादाची धार भट्टीतच जोडत, किंवा दोन लोखंडी थरांच्या मध्ये पोलादाचा थर घालत. पोलाद दुर्मिळ असल्यामुळे तसे करणे त्यांना भाग होते. आज एकसंध पोलाद मिळत असताना पहिल्याच सुरीला ही जोडणी करू नये.

घडवताना पट्टी नारिंगी-पिवळी झाल्यावर ठोकावी आणि मंद लाल होताच पुन्हा भट्टीत घालावी. थंडावलेल्या पोलादावर घाव घातले तर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात. आधी टोक काढावे, मग शेपटी, आणि शेवटी धारेचा उतार. उतार ठोकताना धारेची बाजू पसरते व पाते पाठीकडे वाकते, म्हणून त्याआधीच पात्याला धारेच्या बाजूने थोडा बाक देऊन ठेवला म्हणजे उतार पडेपर्यंत ते आपोआप सरळ होते. पात्याची जाडी मुठीपाशी सर्वांत जास्त आणि टोकाकडे कमी होत जावी. शेपटी जिथून सुरू होते तिथले खांदे आतल्या कोनात गोलसर कानसावेत, कारण तिथला टोकदार कोपरा ही सुरी मोडण्याची ठरलेली जागा आहे. पाणी देण्यापूर्वी धारेची जाडी सुमारे १ मिलिमीटर राखावी. त्याहून पातळ धार तेलात बुडताच वेडीवाकडी होते.

पाणी देणे म्हणजे पोलाद तापवून एकदम निववणे आणि कठीण करणे. पाते सर्वत्र सारखे तापवून चुंबक लावून पाहावा. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटेनासे होते, आणि ‘१०८४’साठी त्यापुढे थोडेसे, म्हणजे ८१५ अंशांच्या आसपास जावे लागते. मंद उजेडात काम केले तर रंगातला हा फरक नीट दिसतो. तापलेले पाते ५० ते ५५ अंशांवर ठेवलेल्या कॅनोला तेलात टोकाकडून उभे बुडवावे व धार-पाठीच्या दिशेने हलवावे. आडवे हलवल्यास ते वाकते. तेलाचे भांडे धातूचे आणि झाकणाचे असावे, काम उघड्यावर करावे, आणि भडका उडालाच तर झाकण ठेवावे, पाणी कधीही ओतू नये. पाते निवल्यावर कानस त्यावरून चावा न घेता घसरली तर पाणी नीट बसले असे समजावे. या क्षणी पाते काचेइतके ठिसूळ असते. त्याच दिवशी ते २०० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवून निववावे व हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. घासून चकचकीत केलेल्या भागावर फिकट पेंढ्यासारखा पिवळा रंग चढतो. मग पाते ओल्या फडक्यात गुंडाळून शेपटीचा भाग गॅसच्या ज्योतीने निळा होईपर्यंत तापवावा, म्हणजे तो मऊ व चिवट होतो.

मुठीचे लाकूड आणि शेपटीचे भोक

नक्षीसाठी लाकूड बारीक, घट्ट आणि एकसारख्या पोताचे हवे. मेपल, नासपती, बॉक्सवुड आणि साधे बर्च ही लाकडे उत्तम. ओक आणि ॲश मजबूत असली, तरी त्यांची छिद्रे मोठी असल्यामुळे बारीक रेघ त्यांत हरवते. लहरदार पोताचे बर्च पाहता क्षणी कोणालाही भुरळ घालते, पण कोरीवकामाला ते वाईट. त्याचे तंतू उलटसुलट वळलेले असतात, त्यामुळे पटाशी मध्येच कपची उडवते आणि शेवटी लाकडाची लहर व आपली नक्षी एकमेकींना खाऊन टाकतात. सुंदर पोताच्या लाकडाची मूठ साधी ठेवावी आणि साध्या लाकडाला नक्षी द्यावी. लाकूड पूर्ण वाळलेले असावे, नाहीतर वर्षभरात मूठ आक्रसून पात्यापाशी फट पडते.

शिंग वापरायचे असल्यास रेनडियर किंवा मूस या उत्तरेकडच्या हरणांच्या डोक्यावरून आपोआप गळून पडलेले घ्यावे. त्याचा बाहेरचा थर घट्ट असतो आणि आतला गाभा सच्छिद्र असतो, म्हणून खोल नक्षी कोरल्यास गाभा उघडा पडतो. शिंगाची आणि हाडाची भुकटी फुफ्फुसांना अपायकारक असल्याने चांगल्या प्रतीचा श्वसनमुखवटा लावल्याशिवाय त्यांना कानस लावू नये. वॉलरसच्या सुळ्यांची मूठ ऐतिहासिक दृष्ट्या बरोबर ठरेल, पण त्या सुळ्यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आहेत, तेव्हा त्या फंदात न पडलेले बरे.

भोक पाडण्याचे काम मूठ चौकोनी ठोकळा असतानाच करावे, कारण तेव्हाच तो व्हाइसमध्ये (वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंज्यात) सरळ धरता येतो. शेपटीपेक्षा थोड्या कमी रुंदीची दोन-तीन भोके शेजारी शेजारी पाडून मधले लाकूड अरुंद पटाशीने काढावे. मग शेपटीच्याच आकाराचा एक फालतू लोखंडी तुकडा लालसर तापवून भोकात काही क्षण दाबावा आणि लगेच बाहेर काढावा. दोन-चार वेळा असे केले की भोक जळून शेपटीच्या नेमक्या आकाराचे होते. खुद्द पात्याची शेपटी तापवून हे करण्याची पद्धत जुनी आहे, पण तीत पात्यापर्यंत उष्णता पोचून त्याचे पाणी उतरण्याचा धोका असतो. आतली कोळशाची काजळी खरवडून काढावी, कारण चिकटद्रव्य काजळीला धरत नाही. शेपटी मुठीच्या लांबीच्या निदान दोन तृतीयांशापर्यंत आत गेली पाहिजे. पाते घालून पाठीच्या रेषेत डोळा लावून पाहावे, आणि तिरपेपणा असेल तर आत्ताच काढावा. हे जमल्यावरच ठोकळ्याला कच्च्या मुठीवरून घेतलेला अंडाकृती आकार द्यावा.

नक्षी

व्हायकिंग नक्षी ही एकच एक शैली नाही. नॉर्वेतल्या ओसेबर्ग येथे १९०४-०५ मध्ये उकरलेल्या जहाजाचे दफन ८३४ सालचे आहे, आणि त्यातल्या कोरीवकामात एकमेकांना व स्वतःलाही पंजांनी पकडणारे ठेंगणे प्राणी दिसतात. त्यानंतर बोर, येलिंग, मामेन, रिंगेरिक आणि उर्नेस अशा शैली अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत क्रमाने व काही काळ एकमेकींच्या बरोबरीने येत गेल्या. येलिंग शैलीतले प्राणी फितीसारखे लांब आणि दुहेरी बाह्यरेषेचे असतात, तर उर्नेसचे कृश, डौलदार आणि मोठ्या वेटोळ्यांत गुंतलेले. एका मुठीवर एकच शैली ठेवावी. नवशिक्याने बोर शैलीतल्या साखळीवेलीपासून सुरुवात करावी असे मी सुचवेन. आइल ऑफ मॅन बेटावरच्या कर्क मायकल येथे दहाव्या शतकात गाउत नावाच्या कारागिराने कोरलेल्या दगडी क्रुसावर ही साखळी दिसते. तीत एकच आकृतिबंध पुन्हा पुन्हा येतो, आणि लांबट पट्टीत ती नीट बसत असल्यामुळे मुठीच्या बाजूला जणू मापून केल्यासारखी शोभते.

कोरण्याआधी कागदाची पट्टी मुठीभोवती गुंडाळून तिचा खरा विस्तार काढून घ्यावा. मुठीच्या दोन्ही टोकांना ८ ते १० मिलिमीटर रुंद भाग कोरा सोडावा. त्याचप्रमाणे कच्च्या मुठीवर जिथे बोटांचा दाब पडल्याची खूण आहे ती धारेकडची बाजू पूर्ण साधी ठेवावी, कारण उठावाची नक्षी तिथे बोटांना काचते आणि वर्षभरात झिजूनही जाते. नक्षी दोन्ही बगलांवर आणि मुठीच्या मागच्या टोकावर उठून दिसते.

गुंफणीची फीत, म्हणजे नक्षीत वरून-खालून जाणारी पट्टी, आधी एकाच मध्यरेषेने काढावी. रेषा समाधानकारक वळली की तिच्या दोन्ही बाजूंना समान अंतर ठेवून कडा आखाव्यात. फितीची रुंदी ४ ते ५ मिलिमीटर आणि दोन फितींमधली जागा किमान २ मिलिमीटर ठेवावी, नाहीतर पटाशी आत जाणार नाही. आता फितीच्या एका टोकापासून बोट फिरवत प्रत्येक छेदावर, म्हणजे फिती एकमेकींना ओलांडतात तिथे, ‘वर, खाली, वर, खाली’ असे म्हणत जावे आणि त्याप्रमाणे खुणा कराव्यात. कुठेही लागोपाठ दोनदा ‘वर’ आले तर आराखड्यातच चूक आहे, ती कागदावरच सुधारावी. लाकडावर गेल्यावर तिला उपाय नसतो.

हत्यारे फार लागत नाहीत. आखूड पात्याची कोरायची सुरी, ३ मिलिमीटरची सपाट पटाशी, ३ आणि ६ मिलिमीटरच्या दोन गोल पटाश्या आणि एक व्ही आकाराची पटाशी पुरते. स्वीडनच्या गॉटलंड बेटावर १९३६ मध्ये शेत नांगरताना मिळालेल्या मेस्टरमिर पेटीत लोहाराची आणि सुताराची हत्यारे एकत्र सापडली. ती पाहिली की आपल्या हत्यारांपेक्षा ती फारशी वेगळी नव्हती हे लक्षात येते. हत्यारांना धार मात्र वस्तऱ्यासारखी हवी, आणि काम चालू असताना ती अधूनमधून चामड्याच्या पट्टीवर घासत राहावी. पात्याविनाच मूठ कोरावी. शेपटीच्या भोकात लाकडाची घट्ट खुंटी बसवून ती खुंटी व्हाइसमध्ये आवळली म्हणजे मुठीवर वळ न उमटता ती हवी तशी फिरवता येते आणि दोन्ही हात हत्याराच्या मागे राहतात. पुढे हात धरून कोरणाऱ्याला जखम ठरलेली.

प्रथम फितीच्या दोन्ही कडांवर सुरीच्या टोकाने उभा काप द्यावा, खोली दीड मिलिमीटर. वर असलेल्या फितीचा काप सलग जाऊ द्यावा, खालून जाणाऱ्या फितीचा छेदापाशी थांबवावा. हा उभा काप म्हणजे बांध आहे, तिरप्या कापाने निघणारी कपची तिथे येऊन थांबते. मग फितींच्या मधली तळजमीन व्ही पटाशीने आणि नंतर सपाट पटाशीने दीड मिलिमीटरपर्यंत खाली न्यावी. पाय घसरतो तो पुढच्या टप्प्यात. खालून जाणारी फीत छेदाला टेकताच एकदम खाली गेली तर ती तुटल्यासारखी दिसते, म्हणून छेदाच्या ६ ते ८ मिलिमीटर अलीकडून तिला हळूहळू उतरवत न्यावे आणि पलीकडे तितक्याच संथपणे वर आणावे. नजरेला गुंफण खरी वाटते ती या उतारामुळे. खोलीचा त्यात फारसा वाटा नाही.

लाकडाच्या तंतूंची दिशा दर वळणावर सांभाळावी लागते. तिरप्या जाणाऱ्या फितीची एक कड तंतूंच्या सोबतीने कापली जाते आणि दुसरी त्यांच्या विरुद्ध, म्हणून दोन्ही कडा एकाच दिशेने कोरू नयेत. पटाशीखालून चकचकीत कातरा निघत असेल तर दिशा बरोबर आहे, पृष्ठभाग खरबरीत होऊन धागे उठू लागले तर लगेच उलट बाजूने यावे. दोन फितींच्या मधले टोकदार त्रिकोणी बेट उडून जाणे ही नेहमीची दुर्घटना आहे. तुकडा सापडला तर झटपट चिकटणाऱ्या पातळ सायनोॲक्रिलेट डिंकाने जागच्या जागी चिकटवावा आणि तासाभराने पुढे जावे. शेवटी पॉलिश पेपर शक्यतो वापरू नये, कारण त्याने कडा गोलमटोल होतात आणि हत्याराची स्वच्छ छिन्नरेषा मरते.

उठावाचे काम जड वाटत असेल तर स्कँडिनेव्हियातल्याच ‘कोलरोसिंग’ पद्धतीचा आधार घ्यावा. तीत सुरीच्या टोकाने केसासारखा बारीक काप दिला जातो आणि त्यात कोळशाची किंवा झाडाच्या सालीची बारीक पूड चोळून वर तेल लावले की रेघ गडद उमटते. हात स्थिर असला तर एका संध्याकाळीही सुरेख मूठ तयार होते.

नाव रूनलिपीत कोरून देण्याची मागणी हमखास येते. व्हायकिंग काळात प्रचलित असलेली रूनमाला १६ अक्षरांची होती, तर पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी २४ अक्षरांची माला त्याआधीच्या काळची आहे. सोळा अक्षरांत ‘क’ आणि ‘ग’ किंवा ‘त’ आणि ‘द’ यांना स्वतंत्र चिन्हे नसतात, म्हणून नाव उच्चाराप्रमाणे बसवून ते कागदावर संबंधिताला दाखवावे आणि होकार मिळाल्यावरच कोरावे. जागा मुठीच्या पाठीवरची, पात्यावरची नव्हे.

जोडणी, तेल आणि धार

शेपटी खरखरीत करून, भोकात इपॉक्सी हे दोन घटक मिसळून वापरायचे चिकटद्रव्य भरून पाते बसवावे. पूर्वी या कामी राळ किंवा बर्चच्या सालीचे डांबर वापरीत. बाहेर येणारा इपॉक्सी नक्षीत शिरला तर निघता निघत नाही, म्हणून नक्षीवर आधी मेणाचा हात फिरवून कागदी चिकटपट्टी गुंडाळावी आणि ओघळ ओला असतानाच स्पिरिटच्या फडक्याने पुसावा. पात्याला धार अजून लावलेली नसावी आणि काम चालू असताना ते जाड चामड्यात गुंडाळलेले असावे.

चोवीस तासांनंतर नक्षीवर जवसाच्या तेलाचे पातळ हात द्यावेत, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा, आणि शेवटी मधमाशांचे मेण ब्रशने खोबणींत घालून चोळावे. तेलाची फडकी चुरगळून टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि अशा बोळ्यांना आपोआप आग लागते, म्हणून ती उघड्यावर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. धार सगळ्यांत शेवटी, दर बाजूला सुमारे १५ अंशांचा कोन ठेवून, आधी ४०० आणि मग १००० क्रमांकाच्या दगडावर लावावी आणि चामड्यावर फिरवून संपवावी.

म्यान

यॉर्कच्या कॉपरगेट भागात १९७६ ते १९८१ या काळात झालेल्या उत्खननात सुऱ्यांबरोबर चामड्याची म्यानेही मिळाली. आपल्या सुरीसाठी वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेले २ ते २.५ मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे, ते ओले करून चिकटपट्टीत गुंडाळलेल्या सुरीभोवती दुमडावे आणि धारेच्या बाजूने मेणवलेल्या धाग्याच्या दुहेरी टाक्याने शिवावे. शिवणीच्या आत चामड्याची अरुंद पट्टी घातली म्हणजे धार टाक्यांना लागत नाही. या घाटाच्या म्यानात मुठीचा पुढचा निम्मा भाग आत जातो आणि सुरी घर्षणानेच धरली जाते, तेव्हा नक्षीतला जो भाग नेहमी दिसावासा वाटतो तो मुठीच्या मागच्या निम्म्यात येईल असे आराखडा काढतानाच पाहावे. सुरी कुठे, किती लांबीची आणि कशी बाळगता येते याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, म्हणून ते सुरी देताना सांगावेत. शिवल्यानंतर म्यान सावलीत निदान दोन-तीन दिवस वाळू द्यावे, आणि एरवीही सुरी त्यात कायमची घालून ठेवू नये, कारण अशा चामड्यातले द्रव्य व धरून ठेवलेली ओल यांमुळे कार्बन पोलादाला डाग पडतात व गंज चढतो. वापर नसेल तेव्हा पात्याला तेलाचे बोट लावून ते कोरड्या कापडात वेगळे ठेवावे.